नवी भाषा शिकताना रोजच्या वापरातले वाक्प्रचार लवकर पाठ कसे करावेत? 500 ची यादी मिळाली आहे, रोज 10 केले तर चालेल का?

रोज 10 केलेत तर 50 दिवसांत यादी संपेल. भाषा येणार नाही.

जर्मन शिकताय असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. मीही तीच भाषा शिकले, तुमच्यासारखीच यादी हातात धरून, म्हणून उत्तर द्यायला बसले.

माझी यादी 300 ची होती. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेली वही. तो माझ्या आधी जर्मन शिकलेला. पानाच्या डाव्या बाजूला जर्मन, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजव्या बाजूला मराठी अर्थ. आज दहा, उद्या हे दहा आणि नवे दहा, आठव्या दिवशी सगळ्यांची उजळणी, असा त्याने नियम घालून दिला होता. मी तो मन लावून पाळला. चार महिन्यांत वही तोंडपाठ झाली. कुठलंही पान उघडून डावी बाजू वाचा, मी उजवी सांगायचे. दादा चारचौघांत मला म्हणायला लावायचा आणि मलाही त्याचा अभिमान वाटायचा.

2016 साली माझं काम जर्मन सहकाऱ्यांबरोबर चालायचं. त्यांत एक वयाने मोठी बाई होती. माझ्या मेलमधल्या चुका न कंटाळता दुरुस्त करून पाठवायची, आणि 'झी' सोडून 'डू' म्हण, असं तिनेच मला सांगितलं होतं. 'झी'वरून 'डू'वर येणं म्हणजे अहो-जाहोवरून अगं-तूगंवर येणं. ते आपण होऊन करायचं नसतं, मोठ्या माणसाने म्हणावं लागतं. तिने म्हटलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

त्या वर्षी तिचे वडील गेले. सगळेच तिला दोन ओळी लिहीत होते. मला वाटलं, आपण जरा आपुलकीने लिहावं, कोरडं पुस्तकी नको, तिच्या भाषेतलं काहीतरी असावं. वहीत एक ओळ होती: 'डेन ल्योफेल आबगेबन = मरणे'. शब्दशः अर्थ, चमचा परत देणे. मला तो पहिल्यापासून आवडायचा. पान संपवलं, चमचा ठेवला, शांतपणे उठून गेले, असं काहीतरी माझ्या डोळ्यांपुढे यायचं. मी तो वापरला. काळ नीट लावला, क्रियापद वाक्याच्या शेवटी नेलं, दोनदा तपासलं आणि पाठवून दिलं.

मराठीत सांगायचं तर मी तिला लिहिलं होतं, 'तुझे वडील गचकले असं कळलं, फार वाईट वाटलं.'

दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद. 'तुझ्या' नव्हे, 'आपल्या'. 'डू'चं परत 'झी' झालं होतं. ती ओळ मी कितीदा वाचली असेन. काहीतरी बिघडलंय हे कळत होतं, काय ते कळत नव्हतं. संध्याकाळी दुसऱ्या एका सहकाऱ्याने फोन करून सांगितलं तेव्हा मी खुर्चीत बसून राहिले.

दोन दिवसांनी मी तिला फोन केला. माफी मागितली, वहीबद्दल सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या वाक्यात व्याकरणाची एक जरी चूक असती ना, तर मला लगेच कळलं असतं की तू अजून शिकते आहेस. वाक्य अगदी बिनचूक होतं."

हे मी तेव्हापासून विसरलेले नाही. लिंग चुकलं, विभक्ती चुकली, तर समोरचा माणूस सांभाळून घेतो. सफाईने म्हटलेला वाक्प्रचार मात्र तुम्ही समजून-उमजून म्हटलाय असंच धरलं जातं. तिथे शिकाऊ म्हणून कोणी सूट देत नाही, आणि द्यायची हे समोरच्याला कळणार तरी कसं?

माझ्या मते दोष त्या बरोबरच्या चिन्हाचा आहे. आपल्याच भाषेत बघा. वारले, गेले, निवर्तले, देवाज्ञा झाली, डोळे मिटले, खपला, गचकला. सगळ्यांपुढे '= मरणे' लिहिता येईल. पण यातला कुठला शब्द कोणाच्या तोंडी, कोणाबद्दल आणि कोणासमोर चालतो, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. चांगल्या जर्मन शब्दकोशात अशा ठिकाणी खूण असते: 'सालोप' म्हणजे बेफिकीर बोलीतला, 'डेर्प' म्हणजे रांगडा, 'गेहोबन' म्हणजे भारदस्त. यादी करणारा माणूस नेमकी तीच खूण गाळतो, कारण तिच्यामुळे ओळ लांबते. दादाच्या वहीत '= मरणे' चार ठिकाणी होतं आणि चारही ठिकाणी पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

आणि नुसत्या खुणेनेही भागत नाही. वाक्प्रचाराचा साचा घट्ट असतो. 'डोळा लागला' म्हणजे झोप लागली. एकवचनाचं अनेकवचन केलंत, 'वाटेकडे डोळे लागले', की तो माणूस टक्क जागा असतो. 'त्याच्यापुढे मी हात टेकले' म्हणजे हरले. 'हात टेकला' म्हटलं तर नुसता टेबलावर ठेवला असेल. मराठी शिकणाऱ्या कोणाला 'डोळा लागणे = झोप लागणे' एवढंच पाठ करायला दिलं तर तो हे कुठून शिकणार? ऐकूनच. दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

तुमच्या प्रश्नात 'रोजच्या वापरातले' असा शब्द आहे. रोजच्या वापरातलं जे असतं ते यादीत बहुधा येतच नाही, कारण ते चटकदार नसतं. आपण हाक मारतो, मिठी मारतो, गप्पा मारतो, उडी मारतो, टोमणा मारतो. यात मारहाण कुठेच नाही, आणि हे वेगळं शिकायला लागेल असं आपल्या मनातही येत नाही. जर्मनचं तसंच. निर्णय आपण घेतो, ते 'एन्टशाइडुंग ट्रेफन' म्हणतात, म्हणजे निर्णय जणू त्यांना भेटतो. प्रश्न आपण विचारतो, ते 'फ्रागं श्टेलन' म्हणतात, म्हणजे उभा करून ठेवतात. असल्या जोड्या आधी शिका. त्या मेलमध्ये मला 'हेर्त्सलिशस बायलाइट' हे दोन शब्द पुरले असते. मनापासून सहवेदना. सगळे तेच लिहितात, आणि सगळे तेच लिहितात म्हणूनच ते लिहायचं असतं. मला ते कोरडं वाटलं, कारण माझ्याकडे 300 चमचमीत ओळी होत्या.

त्यानंतर मी नवी वही केली. त्यात वाक्प्रचार नाहीत, पूर्ण वाक्यं आहेत. प्रत्येकाखाली लिहिलंय: कोण म्हणालं, कोणाला, काय झाल्यावर, ऐकणारा हसला की गप्प बसला. एखादी गोष्ट तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी स्वतः म्हणत नाही. वेग फार कमी आहे, कबूल. पण 'डाउमन ड्र्युकन', मुठीत अंगठा दाबणे, म्हणजे कोणाचं तरी काम व्हावं म्हणून मनोमन शुभेच्छा देणे, हे मी असंच शिकले आणि आज विचार न करता म्हणते. यादीतून शिकले असते तर आपल्या 'अंगठा दाखवणे'शी गल्लत केली असती.

दादाला हे अजून पटत नाही. विषय निघाला की तो कागदावर विस्मरणाची वक्ररेषा, म्हणजे पाठ केलेलं दिवसागणिक किती विसरतं ते दाखवणारी रेघ, काढतो आणि म्हणतो, उजळणी नाही तर काहीच राहत नाही, एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने सिद्ध केलंय. त्याला मी इथे नीट उत्तर देते, कारण समोर तो बोलू देत नाही. हेर्मान एबिंगहाउसने 1885 साली जे प्रसिद्ध केलं ते निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, स्वतःवरच केलेल्या प्रयोगांवर उभं होतं. अर्थाची, आठवणींची मदत होऊ नये म्हणून त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरं घेतली. वाक्प्रचारातून कोण, कोणाला आणि कधी हे काढून टाकलं की त्याचाही निरर्थक अक्षरगट होतो. मग तो पाठ करायला उजळणी लागणारच! मी आयुष्यात एकदाच वापरलेला 'चमचा परत देणे' मला एकाही उजळणीशिवाय आठवतो.

आणखी एक. युरोप परिषदेने 2001 साली भाषेच्या ए-1 ते सी-2 अशा ज्या सहा पायऱ्या आखल्या, त्यांतही शब्दसंपत्तीच्या तक्त्यात वाक्प्रचारांवर पकड हवी ही अपेक्षा सी-1 ला येते, त्याआधी नाही. आणि त्याच पायरीवर, कुठे काय शोभतं या तक्त्यात, आधी वाक्प्रचार ओळखता येण्याबद्दल लिहिलंय. तुम्ही कुठल्या पायरीवर आहात ते लिहिलेलं नाही. बी-1 च्या आसपास असाल तर ऐकून समजेल तेवढं पुष्कळ झालं, म्हणायची घाई करू नका.

परीक्षेसाठीच हवं असेल तर गोष्ट वेगळी. मग यादी करा, कार्डं करा, फक्त कार्डावर पूर्ण वाक्य लिहा. उजळणीला माझा विरोध नाही. आणि तुमच्या 500 पैकी बरेचसे निरुपद्रवी असतील, हेही खरं. पण मरण, आजारपण, पैसा, कोणाचं शरीर, कोणाची अक्कल यांबद्दलचे जेवढे असतील तेवढे आजच वेगळे काढा, आणि ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाला एकेक दाखवून विचारा, 'हे मी तुमच्या आईसमोर म्हणू शकते का?' माझं काम एवढ्या एका प्रश्नाने झालं असतं.

त्या सहकारी बाईंनी सात-आठ महिन्यांनी एका मेलमध्ये परत 'डू' लिहिलं. त्याबद्दल ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

दादाची वही अजून माझ्याकडे आहे. त्या चार ओळींपुढचं '= मरणे' मी खोडून टाकलं आणि कोण कोणाबद्दल म्हणतं ते लिहायला घेतलं. दादा म्हणतो, चांगली वही खराब केलीस. तीन ओळी भरल्या आहेत. चौथी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही, म्हणून तिच्यापुढची जागा मोकळी ठेवली आहे.