अमेरिकेत माझ्या भाच्याच्या कर्णबधिर शाळेचा फुटबॉल संघ सगळा सीझन हरला. ऐकू येत नाही म्हणूनच ना? त्याला नेहमीच्या शाळेत घालावं का?

तुमचा भाचा अमेरिकेत शिकतो म्हणजे हा हेल्मेटवाला फुटबॉल. मी तो बरीच वर्षं आवडीने बघतो, आणि माझ्या मते कानांना दोष देण्याआधी संघात मुलं किती होती ते विचारा.

या शाळा मुळातच लहान. बरीच कर्णबधिर मुलं आता नेहमीच्या शाळांत जातात, त्यामुळे पट आणखी घटतो. मग आक्रमणाला जी पोरं, तीच बचावाला. नववीतला किडकिडीत मुलगा बारावीतल्या दांडगटासमोर उभा. एखाद्याचा घोटा मुरगळला तर बदली कोण? पहिल्या हाफमध्ये बरोबरी आणि शेवटी मोठी हार असे स्कोअर असतील, तर ती सरळ दमछाक आहे. म्हणूनच अशा काही शाळा अकराऐवजी आठ जणांचा फुटबॉल खेळतात.

ऐकू न येण्याचा उलट फायदाही होतो. समोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचे डाव चालवणारा खेळाडू, आवाजात चढउतार करून बचावपटूंना वेळेआधी पुढे यायला लावतो. ही पोरं बॉल हलल्याशिवाय हलतच नाहीत. गोंगाटातही कोचच्या खुणा थेट पोचतात. घोळका करून डाव ठरवायची ‘हडल’ची पद्धतही 1890 च्या दशकात गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजातून आली असं मानतात, कारण समोरचा कर्णबधिर संघ खुणा वाचायचा! तोटे आहेतच. शिट्टी ऐकू आली नाही की उशिरा टॅकल होतो, म्हणजे खेळ थांबल्यावरही समोरच्याला पाडलं जातं, आणि दंड बसतो. पाठमोऱ्या खेळाडूला सावध करता येत नाही. पण एवढ्याने अख्खा सीझन जात नाही.

रिव्हरसाइडच्या ‘कॅलिफोर्निया स्कूल फॉर द डेफ’चंच घ्या. सलग सात सीझन विजयांपेक्षा पराभव जास्त. 2021 मध्ये तोच संघ फायनलपर्यंत अपराजित राहिला, तिथे मात्र 74-22 असा सपाटून हरला. 2022 मध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याला 80-26 ने लोळवून विजेता झाला. मधल्या काळात कुणाला ऐकू यायला लागलं नव्हतं; लहानपणापासून एकत्र खेळलेली पोरं मोठी झाली होती.

तेव्हा भाच्याच्या संघात नववी-दहावीची मुलं जास्त असतील तर मी तरी शाळा बदलणार नाही. बदलायचीच असेल, तर हडलमध्ये काय ठरलं ते त्याला खुणांनी कोण सांगणार, हे नव्या कोचला आधी विचारा.