आधी करारनामा, मग शिल्प

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

नगरपालिकेत सौंदर्यीकरणाचं टेबल तुझ्याकडे आलं आणि तुझा पहिलाच प्रश्न, ‘चौकात काय उभारू?’ तो प्रश्न तूर्त बाजूला ठेव. काय उभारायचं ते कलाकार बघेल. तू बघायचं ते एवढंच, की पैसे कुठून येणार, कुणाच्या हातात पडणार आणि काम उभं राहिल्यावर पुढची वीस वर्षं त्याची निगा कोण राखणार. काम रटाळ आहे, मान्य. पण शहर आपल्या कलाकारांच्या पाठीशी आहे का, हे मला विचारशील तर मी फीत कापतानाचे फोटो बघत नाही, अंदाजपत्रक मागतो.

पैशांचा विषय निघाला की कुणीतरी तुला ‘एक टक्क्या’चं सांगेल. कल्पना जुनी आहे. फ्रान्सने १९५१ मध्ये शाळा-विद्यापीठांच्या इमारतींच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी ठेवला. अमेरिकेत फिलाडेल्फियाने १९५९ मध्ये असाच नियम केला आणि मग कितीतरी शहरांनी तो उचलला. नियम चांगला आहे, पण तो मुळात सतत काही ना काही बांधत असलेल्या शहरांसाठी. लहान शहरात एका वर्षी नाट्यगृह बांधलं जातं आणि पुढची चार वर्षं गटारांच्या दुरुस्तीपलीकडे काही होत नाही. म्हणजे एकदा घबाड, मग ठणठणाट. कलाकाराचं पोट असल्या हिशेबावर चालत नाही. म्हणून ठराव करशील तेव्हा दोन गोष्टी त्यात घालून घे: हा टक्का वेगळ्या निधीत साठत जाईल, आणि तो त्याच इमारतीवर खर्च केला पाहिजे असं बंधन नसेल. नाहीतर सगळी कला नव्या प्रशासकीय इमारतीच्या दारात जमा होईल आणि जुन्या वस्तीतल्या शाळेची भिंत कोरीच राहील.

आता निविदा. इथे सगळा घोळ होतो. भित्तिचित्राचं काम रस्त्याच्या डांबरासारखं काढलं जातं: दर चौरस फुटाचा भाव, आणि ज्याचा दर सगळ्यात कमी त्याला काम. तो ठेकेदार मग कुणा चित्रकार पोराला रोजावर आणतो, इंटरनेटवरचं एखादं चित्र भिंतीवर चढवतो आणि बिल लावतो. चित्राखाली सही नसते, कारण सही करण्यासारखं त्यात कुणाचंच काही नसतं. उड्डाणपुलाच्या खांबांवर तेच ते मोर आणि चौकाचौकात शहराच्या नावाची ती ‘आय लव्ह’वाली अक्षरं येतात ती याच वाटेने. (अक्षरांवर माझा राग नाही. लोक फोटो काढतात, खूश होतात. फक्त त्याचा खर्च कलेच्या खात्यात दाखवू नकोस.)

यावर उपाय आहे आणि तो नियमात बसवता येतो. आधी उघड आवाहन कर, त्यात फक्त जुन्या कामाचे फोटो आणि पानभर मजकूर माग. त्यातून तिघा-चौघांना निवड आणि त्यांना आराखडा करायला सांग, पण आराखड्याचे पैसे देऊन. निवड न झालेल्यालाही ते पैसे मिळाले पाहिजेत. फुकट स्केच मागणं म्हणजे तीन जणांकडून महिनाभर वेठबिगारी करून घेणं. निवड समितीत निदान दोघे काम करणारे कलाकार असू देत आणि एक जण त्या जागेशेजारी राहणारा. अंतिम रकमेत कलाकाराचं मानधन वेगळ्या ओळीत लिही. रंग, परांची, मदतनीस, विमा हे त्याच्या खाली. एकत्र लिहिलंस की पहिली कात्री मानधनाला लागते.

भिंतीचंही तेच. ओल असलेल्या भिंतीवर काढलेल्या चित्राखाली क्षार फुलतात, पांढरी भुकटी बाहेर येते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीवर भडक गुलाबी आणि झगझगीत पिवळा आधी विटतो. गेरूच्या जातीचे लोहरंग कितीतरी जास्त टिकतात. हे रंगवणाऱ्याला ठाऊक असतं, पण निविदेत त्याला बोलायला जागाच नसते. तेव्हा गिलावा तपासणं, ओल थांबवणं, प्रायमर ही कामं बांधकाम विभागाकडून आधी करून घे आणि मगच भिंत कलाकाराच्या ताब्यात दे.

‘आमच्याएवढ्या गावाला कुठे जमणार’ असं कुणी म्हटलं तर त्याला इंग्लंडमधल्या गेट्सहेडचं उदाहरण दे. खाणी आणि कारखाने बंद पडलेलं हे गाव. तिथे १९९८ मध्ये जुन्या कोळसा खाणीच्या जागेवर शिल्पकार अँटनी गॉर्म्लीचा ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ हा पोलादी देवदूत उभा राहिला: २० मीटर उंच, पंखांची रुंदी ५४ मीटर, वजन सुमारे २०० टन. आधी विरोध जोरदार झाला. पैसा वाया चाललाय, ड्रायव्हरांचं लक्ष विचलित होईल, वगैरे. आज गावाची ओळखच तो आहे. ही गोष्ट सगळे इथवरच सांगतात. मला त्याच्या आधीचा भाग महत्त्वाचा वाटतो. गेट्सहेडची कौन्सिल १९८० च्या दशकापासून लहान लहान शिल्पं बसवत आली होती. कंत्राट कसं लिहायचं, टीकेला उत्तर कसं द्यायचं, हे तिथल्या कर्मचाऱ्यांना तोवर अंगवळणी पडलं होतं. आणि गॉर्म्ली लंडनचा असला तरी पोलाद कापलं, जोडलं ते त्याच भागातल्या हार्टलपूलच्या कारखान्यात. बाहेरचा कलाकार बोलवायला माझी हरकत नाही, पण त्याच्या हाताखाली तुझ्या गावचे वेल्डर आणि दोन तरुण शिल्पकार असलेच पाहिजेत, तेही पगारावर.

विरोधाला घाबरू नकोस. जर्मनीतल्या म्युन्स्टरमध्ये सत्तरच्या दशकात एका आधुनिक शिल्पावरून लोक भडकले. तिथल्या संग्रहालयाने लोकांना नावं ठेवली नाहीत. त्यांच्यासाठी शिल्पकलेवर व्याख्यानं ठेवली आणि १९७७ मध्ये शहरभर शिल्पांचं प्रदर्शन मांडलं. शिल्पकार क्लेस ओल्डेनबर्गचे काँक्रीटचे तीन अजस्र गोळे तळ्याकाठी ठेवले, तर विद्यार्थ्यांनी ते तळ्यात ढकलायचा प्रयत्न केला. गोळे अजून तिथेच आहेत आणि प्रदर्शन दर दहा वर्षांनी भरतं. दहा वर्षांचा अवधी मला फार शहाणपणाचा वाटतो. दरवर्षीचा महोत्सव लहान शहराला दमवून टाकतो.

करारनाम्यात एक कलम विसरू नकोस: काम हलवायचं, झाकायचं किंवा पाडायचं झालं तर कलाकाराला लेखी कळवायचं आणि मुदत द्यायची. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमर नाथ सेहगल यांचं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये त्यांना न विचारता काढून गोदामात टाकलं गेलं. ते कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, भरपाई दिली आणि शिल्पाचे उरलेले भाग परत करायला लावले. आधार होता कॉपीराइट कायद्याचं कलम ५७. काम विकलं म्हणून त्यावरचा कलाकाराचा नैतिक हक्क, म्हणजे कामावर आपलं नाव राहण्याचा आणि त्याची मोडतोड रोखण्याचा हक्क, संपत नाही. तुझ्या विधी विभागाला हे बहुधा नवं असेल. निकालाची प्रत फाइलला लाव.

निगा राखण्याचे पैसेही पहिल्या दिवशीच बाजूला काढ. नंतर कुणी देत नाही. जपानच्या नाओशिमा बेटावरचं, यायोई कुसामा या कलावतीचं पिवळ्या भोपळ्याचं शिल्प २०२१ च्या वादळात समुद्रात ओढलं जाऊन मोडलं. २०२२ मध्ये नव्याने घडवून तिथेच बसवलं, कारण मागे उभी राहणारी संस्था होती. तुझ्याकडे निदान एक वही हवी: कुठला धातू, कुठला रंग, कुणी बनवलं, किती दिवसांनी धुवायचं.

सुरुवातीला फार पैसे लागत नाहीत. अमेरिकेतलं ग्रँड जंक्शन हे छोटं शहर १९८४ पासून कलाकारांची शिल्पं वर्षभरासाठी उसनी घेऊन मुख्य रस्त्यावर मांडतं. ती विकायला असतात, आणि काही शहरच्या संग्रहात कायमची राहतात. तू पाच चौथऱ्यांपासून सुरू कर. भाडं मात्र दे. ‘तुमची प्रसिद्धी होईल’ हे वाक्य तुझ्या टेबलावरून जाता कामा नये.

पहिल्या कामासाठी शाळेची ती मागची भिंत धरली आहेस, ती कुणाच्या नावावर आहे हे आधी बघून घे. एखाद्या शिक्षण संस्थेची असेल तर त्यांचा ठराव वेगळा लागेल आणि त्यात दोन महिने जातील. करारनाम्याचा मसुदा झाला की पाठव, मी लाल पेन घेऊन बसतो.

तुझा,
काका