सबवूफर बसवला म्हणून गाडीची अख्खी वॉरंटी गेली का?

प्रश्न: गाडी वॉरंटीत असताना मी बाहेरच्या अ‍ॅक्सेसरीवाल्याकडून सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतला. काही महिन्यांनी डॅशबोर्डखालून धूर आला, वायरिंग वितळलं. सर्व्हिस सेंटर म्हणतं, बाहेर काम केलंत, आता वॉरंटी रद्द. एसीचा कॉम्प्रेसर बिघडलाय, तोही बदलून देत नाहीत. बसवणारा म्हणतो, दोष गाडीचाच. पक्कं बिल नाही, पैसे यूपीआयने दिलेत. काय करू?

उत्तर: आधी एक करा, वायरिंगला कुणालाही हात लावू देऊ नका. बॅटरी सोडवून ठेवा आणि गाडी आहे तशी राहू द्या. ‘वायरिंग बदलून टाकू, मग बघू’ असं दोघांपैकी कुणीतरी म्हणेलच. जळलेली वायर भंगारात गेली की तुमचा अर्धा दावा तिच्याबरोबर गेला.

आता बॉनेट उघडून फोटो काढा. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या जाड वायरवर, बॅटरीपासून दीडेक फुटाच्या आत, फ्यूज असायला हवा. तो नुसता अ‍ॅम्प्लिफायरपाशी असेल तर मधल्या वायरला संरक्षणच नाही. पत्र्याला घासून आवरण फाटलं तर शॉर्ट सर्किट होणार आणि करंट तोडायला वाटेत काही नाही. पत्र्यातल्या भोकात रबरी ग्रोमेट (वायर घासू नये म्हणून लावायची कडी) आहे का, स्टिरिओमागचा मूळ हार्नेस (कंपनीचा वायरिंगचा जुडगा) कापून जोड दिलेत की कपलर (वायर न कापता जोडणारा प्लग) लावलाय, हेही फोटोत येऊ द्या. शक्य तर जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडून सहीनिशी अहवाल घ्या. फ्यूज नसेल किंवा हार्नेस कापलेला असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे ती सेवेतली त्रुटी आहे आणि बसवणाऱ्याला ‘दोष गाडीचा’ म्हणून सुटणं अवघड जाईल.

बिल नाही म्हणून घाबरू नका. बिल न देणं हीच त्याच कायद्याच्या कलम 2(47) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुरावा म्हणून चालतं. मात्र भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते बरेच जण विसरतात.

सर्व्हिस सेंटरशी तोंडी वाद घालू नका. ई-मेल करा: वॉरंटीच्या कोणत्या अटीखाली नकार देताय, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरमुळे कॉम्प्रेसर कसा बिघडला, ते लेखी कळवा. माझं मत विचाराल तर कापलेल्या वायरिंगबाबत कंपनीची बाजू भक्कम ठरू शकते. कॉम्प्रेसरबाबत मात्र संबंध दाखवल्याशिवाय दिलेला नकार टिकणं कठीण. वॉरंटी पुस्तिकेतली अट नीट वाचा. बहुधा ती ‘त्या बदलामुळे झालेलं नुकसान’ वगळते, सगळी गाडी नाही.

‘गाडीत बेकायदा बदल केलात’ असंही कुणी ऐकवेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बदल म्हणजे मूळ वैशिष्ट्य पालटणारा, रचनेतला फेरफार. डिकीत ठेवलेला सबवूफरचा खोका त्यात बसत नाही. मागची सीट काढून तिथे वूफर बसवला असेल तर गोष्ट वेगळी.

विमा कंपनीलाही आजच कळवा, नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत थांबा. आगीचं नुकसान पॉलिसीत येतं, नुसता विद्युत बिघाड येत नाही, म्हणून सर्व्हेअरच्या अहवालात काय लिहिलं जातंय यावर लक्ष ठेवा. सबवूफरची स्वतःची भरपाई मात्र तो जादा प्रीमियम भरून इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरी म्हणून नोंदवला असेल तरच मिळेल.

यानंतर बसवणारा आणि सर्व्हिस सेंटर, दोघांनाही नोटीस पाठवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर बसवणारा, डीलर आणि गाडीची कंपनी यांना एकाच तक्रारीत सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायचं ते ग्राहक आयोगासमोरच दाखवतील. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि नोटिशीची ये-जा चालू आहे म्हणून ती थांबत नाही.