सासूबाईंच्या पायाला ट्यूब पुरत नाही

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या फार्मासिस्ट नागपुरात महालमध्ये औषधाचं दुकान चालवतात.)

प्रश्न : माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. दिवाळी सरली की त्यांच्या नडग्यांची कातडी फाटायला लागते, पांढरे पापुद्रे सुटतात आणि रात्री खाजवून खाजवून रक्त निघतं. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी एक मॉइश्चरायझिंग क्रीम आणि एक छोटी ट्यूब दिली. क्रीमची ५० ग्रॅमची ट्यूब चार-पाच दिवसांत संपते. घरचे म्हणतात, एवढं महागाचं क्रीम कशाला थापता? म्हणून आता रात्री एकदाच, थोडंसं लावतो. फरक काहीच नाही. पूर्वीसारखं मोहरीचं तेल चोळलं तर चालेल का? – एक वाचक, मानेवाडा

उत्तर : ताई, ट्यूब चार-पाच दिवसांत संपत होती तेव्हाच तुम्ही बरोबर लावत होता. काटकसर सुरू केली आणि तिथेच घोळ झाला.

हिशेब मांडून बघा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून जी रेघ निघते, ती साधारण अर्ध्या ग्रॅमची असते. तेवढ्यात मोठ्या माणसाचे दोन तळहात झाकतील एवढी जागा होते. गुडघ्याखालचा पाय आणि पाऊल धरून अशा पाचेक रेघा लागतात. म्हणजे दोन्ही पायांना एका वेळी पाच ग्रॅम आणि दिवसातून दोनदा लावलं तर दहा. ५० ग्रॅमची ट्यूब पाच दिवसच पुरणार. सगळं अंग कोरडं पडलं असेल, तर मोठ्या माणसाला आठवड्याला ५०० ग्रॅमपर्यंत क्रीम लागू शकतं. हे सांगितलं की काउंटरपलीकडचा माणूस माझ्याकडे बघतच राहतो. त्याला वाटतं, मी माल खपवते आहे.

खर्चाची काळजी मला कळते. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हेच मोठ्या डब्यात लिहून द्याल का?’ मोठा डबा ग्रॅममागे बहुधा स्वस्त पडतो. रात्रीसाठी साधं, वास नसलेलं पांढरं पेट्रोलियम जेली घेतलंत तरी चालेल. ते चिकट असतं, चादरीला लागतं, पण कातडीतलं पाणी अडवून ठेवण्यात महागड्या बाटल्या त्याच्यापुढे फिक्या पडतात. दिवसा क्रीम, रात्री जेली, हा मेळ बहुतेक आजींना मानवतो. मात्र युरिया असलेलं क्रीम असेल तर कातडी फाटलेल्या जागी ते झोंबतं. तिथली जखम भरेपर्यंत थांबा. डब्यात बोटं घालू नका, स्वच्छ कोरड्या चमच्याने काढा.

आता, असं का होतं? उतारवयात कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी मंदावतात आणि नडगीवर त्या मुळातच कमी असतात. पेशींच्या मधली स्निग्ध द्रव्यं कमी झाली की आतलं पाणी उडून जातं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा कधी दहाच्या खाली उतरतो, हवा कोरडी, त्यात बंबाचं कढत पाणी आणि साबण. उरलंसुरलं तेलही आंघोळीत वाहून जातं. सासूबाईंना कोमट पाण्याने, दहा मिनिटांच्या आत आंघोळ घाला. साबण बगलेत, जांघेत आणि तळपायांना पुरे, नडगीला लावूच नका. उटणं नाही, घासणी नाही. टॉवेलने रगडू नका, टिपून घ्या आणि कातडी थोडी ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत क्रीम लावा. वरून खाली, केस ज्या दिशेने वळलेले असतात त्याच दिशेने हात फिरवा. उलटं चोळलं तर केसांच्या मुळाशी पुळ्या येतात.

छोटी ट्यूब स्टेरॉइडची असणार, तुमच्या वर्णनावरून मला तसंच वाटतं. ती लालसर, खाजणाऱ्या जागीच, डॉक्टरांनी सांगितलेत तेवढेच दिवस. ती आणि क्रीम एकापाठोपाठ एक लावू नका, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. क्रीम मात्र पाय बरे दिसायला लागले तरी चालूच ठेवायचं. नेमकं तेव्हाच लोक बंद करतात आणि महिन्याभरात पुन्हा दुकानात येतात.

मोहरीचं तेल नको. ते कातडीला चरचरतं आणि प्रयोगांत त्याने कातडीची दुरुस्ती लांबल्याचं दिसलं आहे. तेलच हवं असेल तर खोबरेल लावा, पण ते क्रीमच्या जागी नाही.

दोन धोके कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. एक, क्रीम लावलेल्या पायांनी गुळगुळीत फरशीवर चालू नका. सासूबाईंना पलंगावर बसवून लावा, ते मुरेपर्यंत तिथेच गप्पा मारा आणि उठताना मोजे किंवा रबरी तळाच्या सपाता घाला. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दुसरं, क्रीम आणि जेली कपड्यांत मुरतात आणि तसं कापड पटकन पेट घेतं. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये सगळ्याच मॉइश्चरायझरबद्दल हा इशारा दिला होता. देवाजवळची समई, गॅसची शेगडी, हिवाळ्यातली शेकोटी, इथे सासूबाईंचा सुती पातळाचा पदर जाऊ देऊ नका. एकदा धुतलं म्हणजे कापडातला अंश पूर्ण जातोच असं नाही.

एवढं करून दोन-तीन आठवड्यांत खाज कमी झाली नाही, किंवा खाज पायांपुरती न राहता सर्वांगाला सुटली, तर मूत्रपिंड, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. या दुखण्यांत कधीकधी खाजच आधी दिसते.

प्रश्न : मी घरून डबे देते. रोज पंचवीस जणांचा स्वयंपाक आणि भांडी. बोटांची टोकं फाटतात, मिरची लागली की डोळ्यांत पाणी येतं. बॅरिअर क्रीम लावून काम केलं तर हात वाचतील का? – एक वाचक, नंदनवन

उत्तर : थोडे वाचतील, पूर्ण नाही. बॅरिअर क्रीममध्ये बहुधा डायमेथिकोन किंवा झिंक ऑक्साइड असतं. ते पाणी आणि साबणाला थोडा वेळ अडवतं, भांड्यांच्या ढिगापुढे ते टिकत नाही. शिवाय ते हाताला लावून कणीक मळता येणार नाही. भांड्यांसाठी हातमोजेच घ्या, आत पातळ सुती मोजा घाला म्हणजे घामाने हात भिजत नाहीत. काम झालं की अंगठी काढून हात धुवा, कारण साबण अंगठीखाली अडकून राहतो आणि पहिली चीर तिथेच पडते. मग जाडसर क्रीम. रात्री जेली लावून सुती मोजे घालून झोपा.

एक गोष्ट बघा. उजव्या हाताने चाकू धरत असाल, तर डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, एवढंच जास्त फाटतंय का? तसं असेल तर माझा संशय लसणावर आहे. आपल्या सावजी आणि वऱ्हाडी स्वयंपाकात लसूण ढिगाने सोलला जातो, आणि डाव्या हाताची हीच तीन बोटं तो धरतात. लसणाची अ‍ॅलर्जी असली तर क्रीमने ती जाणार नाही, कारण लसणातलं त्रासदायक द्रव्य साध्या रबरी मोज्यांतूनही झिरपतं. तीन आठवडे लसूण दुसऱ्या कुणाकडून सोलून घ्या आणि बोटं बघा. फरक पडला तर मेडिकल किंवा मेयो या आपल्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत दाखवून पॅच टेस्टबद्दल, म्हणजे कातडीवर पट्टी चिकटवून करतात त्या अ‍ॅलर्जीच्या तपासणीबद्दल, विचारा. तुमचा सगळा धंदा या हातांवर आहे. ते फाटत राहिले तर एक दिवस डबे बंद ठेवावे लागतील, म्हणून हे उद्यावर टाकू नका.

प्रश्न : मुलगा ७ वर्षांचा. गालांवर फिकट पांढरे डाग आहेत. शेजारी म्हणतात, जंत झालेत, कॅल्शियम कमी आहे. एका दुकानातून ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब दिली आहे. लावू का? – एक वाचक, इतवारी

उत्तर : ती ट्यूब लावू नका. ‘सगळ्यावर चालणारी’ म्हणून मिळते तिच्यात बहुधा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. गालावरची कातडी त्याने पातळ होते आणि बुरशी असेल तर ती दबून वेगळंच रूप घेते. असे डाग या वयात पुष्कळदा सौम्य एक्झिमाचे (इसबाचे) असतात. जंत किंवा कॅल्शियमशी त्यांचा संबंध नाही. उन्हात बाकीचा चेहरा काळवंडला की ते जास्त उठून दिसतात. साधं, बिनवासाचं क्रीम सकाळ-संध्याकाळ लावा आणि उन्हात टोपी घाला. जायला काही महिने लागतात, मुलाच्या गालाकडे रोज बघून धीर सोडू नका.

आधी एकदा डॉक्टरांना मात्र दाखवा. आपल्या विदर्भात कुष्ठरोग अजून आहे. तो सुरुवातीला ओळखला तर पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. मुलाने डोळे मिटले की कापसाची बारीक वात डागावर टेकवा आणि ‘कुठे लागली?’ असं विचारा. त्याला कळलं नाही तर त्याच आठवड्यात घेऊन जा. कळलं तरी पहिली तपासणी टाळू नका, कारण गालावर संवेदना लवकर जात नाही.