घरगुती पार्लरच्या खर्चात घराच्या वीजबिलाचा वाटा किती धरावा?

आपण विचारले आहे की, घरातल्या एका खोलीत पार्लर चालवताना वीज, पाणी, घरपट्टी आणि इंटरनेट यांतला किती भाग पार्लरच्या नावावर टाकावा. आणि त्याखाली एक ओळ जोडली आहे की, ‘घरीच तर करतेस, तुला कसला आलाय खर्च?’ असे मिस्टर म्हणतात. मूळ प्रश्नापेक्षा ही ओळ मला जास्त ओळखीची वाटली, म्हणून उत्तर लिहायला बसले. मी सांगलीत एकत्र कुटुंबातल्या घरात अकरा वर्षे पार्लर चालवते आहे. आमच्याकडे हे वाक्य तर होतेच, शिवाय त्याच्या नेमके उलटे वाक्यही होते. मी फेशियलचे दर वाढवायचे म्हटले की ‘तुला खर्चच नाही, कशाला वाढवतेस’, आणि बिल हातात आले की ‘हे सगळे पार्लरचे’. ही दोन्ही वाक्ये एकाच पंगतीत, एकाच माणसाच्या तोंडून मी ऐकलेली आहेत.

तो माणूस म्हणजे माझे थोरले दीर. घराचे बिल तेच भरत आणि पार्लर सुरू झाल्यापासून ते बिल फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावून ठेवण्याची नवी पद्धत त्यांनी सुरू केली. मी दसऱ्याला पार्लर सुरू केले होते. फेब्रुवारीपासून कुरकूर सुरू झाली आणि मेच्या बिलाला तिचा कडेलोट झाला. वीजबिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्यावर बोट ठेवून भाऊजींनी सासऱ्यांसमोर सांगितले की, आदल्या वर्षीच्या मे महिन्यात १९० युनिट होते, या मेमध्ये २९० आहेत, मधे घरात फक्त पार्लर आले, तेव्हा वरचे १०० युनिट पार्लरचे. ऐकायला हे अगदी बिनतोड वाटते. मला मात्र उत्तर देता आले, कारण एप्रिलमध्येच मी आमच्या वायरमनकडून पार्लरच्या खोलीच्या लाइनवर सातशे रुपयांचा सबमीटर, म्हणजे फक्त त्या खोलीची वीज मोजणारा वेगळा मीटर, बसवून घेतला होता आणि त्याची आकडेवारी अपॉइंटमेंटच्या डायरीच्या मागच्या पानावर लिहीत होते. त्या बिलाच्या काळात सबमीटरवर ४८ युनिट पडले होते.

हे ४८ कुठून आले ते सांगते, म्हणजे आपल्यालाही अंदाज येईल. पंखा आणि दिवे रोज सात तास चालले की साधारण एक युनिट जाते. वॅक्स हीटर शंभर वॅटचा असतो आणि थर्मोस्टॅटमुळे मधेमधे बंद पडतो, त्यामुळे चार तासांत जेमतेम पाव ते एक तृतीयांश युनिट. बाराशे वॅटचा ड्रायर दिवसभरात मिळून वीस मिनिटे चालला तर ०.४ युनिट, आणि चेहऱ्याचा स्टीमर त्याच्या निम्मादेखील नाही. रोजचे पावणेदोन-दोन युनिट गुणिले सव्वीस दिवस. ज्यांच्या खोलीत एसी आहे त्यांनी हा सगळा तपशील विसरावा, कारण त्यांच्याकडे एसी हाच खर्च असतो आणि बाकीचे सगळे किरकोळ.

आता या ४८ युनिटांचे पैसे किती, यावर आमच्या घरात दोन दिवाळ्या धुसफूस झाली. घरगुती विजेचा दर टप्प्यांनी वाढतो. पहिल्या १०० युनिटांचा एक दर, १०१ ते ३०० चा दुसरा, आणि हा दुसरा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट पडतो. हिशेबाला सोपे जावे म्हणून ५ आणि १० रुपये धरू, स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा लागणारी ठरावीक रक्कम) आणि वीज शुल्क (बिलावरचा सरकारी कर) बाजूला ठेवू. २९० युनिटांचे २,४०० रुपये झाले, म्हणजे सरासरी युनिट ८ रुपये २८ पैशांना पडले. माझे म्हणणे होते की बिल सगळ्यांचे एक आहे, तर दरही एकच लावावा. ४८ युनिटांचे ३९७ रुपये होतात. भाऊजींचे म्हणणे होते की पार्लर नंतर आले, त्यामुळे त्याचे युनिट वरच्या टप्प्यातच मोजले पाहिजेत. त्याचे ४८० होतात. फरक ८३ रुपयांचा. त्या ८३ रुपयांसाठी जाऊबाई आणि मी आठवडाभर एकमेकींशी फक्त मुलांमार्फत बोललो.

इतक्या वर्षांनी मी हे मान्य करते की, त्या मुद्द्यावर भाऊजी बरोबर होते. पार्लर नसते तर जे पैसे वाचले असते तोच पार्लरचा खर्च, आणि वाचले असते ते वरच्या टप्प्यातले युनिट. आपणही आपला हिशेब असाच करावा; सरासरी दर लावू नये. बिलात टप्प्यांप्रमाणे दर छापलेले असतात, त्यातला आपल्या घराचा शेवटचा टप्पा पाहावा, त्यात वहन आकार (वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा प्रतियुनिट आकार) मिळवावा, वर १६ टक्के वीज शुल्क धरावे, आणि त्या दराने सबमीटरचे युनिट गुणावेत. स्थिर आकार मात्र पार्लर असो वा नसो, भरावाच लागतो, तो पार्लरच्या माथी मारू देऊ नये.

दुसरी चूक तर पूर्णपणे माझी होती आणि ती भाऊजींच्या नव्हे, जाऊबाईंच्या लक्षात आली. सबमीटर खोलीच्या लाइनवर होता. पण हेअर स्पा आणि कलरनंतर केस धुवायला मी बाहेरच्या बाथरूमचा गिझर लावत होते आणि टॉवेल घरच्या वॉशिंग मशीनमध्ये टाकत होते. दोन हजार वॅटचा गिझर रोज पंधरा मिनिटे म्हणजे अर्धा युनिट, महिन्याला तेरा. मशीनचे आणखी पाच. म्हणजे ४८ नव्हे, ६६. उरलेल्या ३४ युनिटांचा शोधही तेव्हाच लागला. पुतण्या दहावीला जाणार म्हणून त्या उन्हाळ्यात त्याच्या खोलीत १८० वॅटचा कूलर आला होता आणि तो रोज सहा तास चालत होता; तीस दिवसांचे ३२ युनिट होतात, कागदावर कुणीही करून पाहावे. तेव्हा भाऊजी हजार रुपये म्हणत होते, मी चारशे म्हणत होते आणि खरे ६६० निघाले. त्यांनी कूलरचे ऐकून ‘तो अभ्यासासाठी आहे’ एवढेच उत्तर दिले. माझे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे की, मीटरला अभ्यास आणि आयब्रो यांतला फरक कळत नाही.

बाकीचे खर्च पटकन सांगते, कारण ते फार नसतात. घरपट्टी आणि सोसायटीचा मेंटेनन्स क्षेत्रफळाच्या प्रमाणात धरावा. माझी खोली दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट, आणि घर ९०० चौरस फुटांचे, तेव्हा १३ टक्के. वर्षाची ३,६०० रुपये घरपट्टी असेल तर महिन्याला ४० रुपये येतात. पाण्याचे ६०, फोन-इंटरनेटचे १५०, धुण्याची पावडर आणि फिनेल १९०, आणि वीज ६६०. एकूण ११०० रुपये. आता हे ११०० पार्लर उघडे असते त्या तासांवर वाटू नका, ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करते. सात तास दार उघडे असले तरी खुर्चीवर बाई बसलेली असते ते चारच तास. सव्वीस दिवसांचे १०४ तास झाले, म्हणजे तासाला साडेदहा रुपये. दहा मिनिटांच्या आयब्रोला पावणेदोन रुपये आणि सव्वा तासाच्या फेशियलला तेरा.

आकडा एवढा छोटा पाहून आपल्या मिस्टरांना आनंद होईल, म्हणून लगेच पुढचे सांगते. यात खोलीचे भाडे नाही आणि आपली मजुरीही नाही. ती खोली एखाद्या विद्यार्थिनीला भाड्याने दिली असती तर महिन्याला जे मिळाले असते ते त्यात मिळवा. तीन हजार धरले तर तासाचा आकडा साडेदहावरून एकोणचाळीसवर जातो. स्वतःच्या घराला कसले भाडे, असे म्हणणाऱ्यांना मी एकच विचारते की, उद्या गुडघ्यांमुळे किंवा सोसायटीच्या तक्रारीमुळे आपल्याला बाजारात गाळा घ्यावा लागला, तर त्याच दरात काम परवडेल का? घर फुकट धरून लावलेले दर पुढे वाढवता येत नाहीत, कारण गिऱ्हाइकाला ती सवय आपणच लावलेली असते. मी स्वतः तिसऱ्या वर्षापासून खोलीचे दीड हजार रुपये दरमहा सासूबाईंच्या हातात ठेवू लागले. खोली रात्री त्यांचीच असते, त्या तिथेच झोपतात, म्हणून निम्मे भाडे. आपली खोली चोवीस तास पार्लरचीच असेल आणि तिथे घरचे कुणी टेकूही शकत नसेल, तर वेळेच्या प्रमाणात भाडे कापायचे कारण नाही, पूर्ण धरावे.

भाऊजींनी त्या वादात आणखी एक भीती घातली होती की, घरात पार्लर आहे म्हटल्यावर व्यापारी मीटर घ्यावा लागेल आणि दर सगळ्या घराला लागेल. ही भीती अर्धी खरी आहे. पार्लर हा प्रकार महावितरणच्या दरपत्रकात वाणिज्यिक वर्गातच मोडतो. पण राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्यांचा वापर महिन्याला ३०० युनिटांपर्यंत आणि आदल्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटांपर्यंत असेल, तर त्यांना घरगुती दरच लागतो, अशी तरतूद आहे. ही मर्यादा सगळ्या घराच्या वापरावर आहे, फक्त पार्लरच्या नव्हे. आमचे २९० झाले होते, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात एक कूलर आणखी आला असता तर दंड पार्लरला बसला असता आणि थंडावा दुसऱ्यालाच मिळाला असता. म्हणून वर्षाची बेरीज स्वतः ठेवावी. गॅसबाबत मात्र कसलीही सवलत शोधू नये. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, आणि शेगडीवर वॅक्सचा डबा तापवणे धोक्याचे तर आहेच. हीटरला लागणारी वीज वर सांगितली, ती दिवसाला तीन-चार रुपयांची आहे.

आयकरासाठी हे विचारत असाल तर माझे सगळे उत्तर काहीसे निरुपयोगी आहे, हे आधीच सांगायला हवे होते. आपण अनुमानित पद्धतीने, म्हणजे खर्चाच्या वह्या न ठेवता, विवरणपत्र भरत असाल, तर उलाढालीच्या किमान ८ टक्के, आणि बँक किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के, नफा धरला जातो. त्यातून वीजबिलाचा वाटा वेगळा वजा होत नाही. रीतसर वह्या ठेवणार असाल तरच घरखर्चातला व्यवसायाचा भाग दाखवता येतो, त्याची बिले ठेवावी लागतात, आणि स्वतःच्या मालकीच्या घराचे भाडे स्वतःलाच लावून तो खर्च दाखवता येत नाही. वर मी भाडे धरायला सांगितले ते दर ठरवण्यासाठी. तसेही नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर पडत नाही, त्यामुळे आपल्यासारख्या बहुतेकींना हा हिशेब करायचा तो स्वतःसाठी आणि घरातल्यांसाठीच.

माझे आकडे लग्नसराईतल्या मेचे आहेत, हेही लक्षात घ्यावे. पावसाळ्यात माझा सबमीटर पस्तीसच्या वर जात नाही, तेव्हा एका महिन्यावरून दर ठरवू नयेत, निदान सहा महिने लिहावे. आणि सबमीटरचे रीडिंग बिलाचे रीडिंग घेतात त्याच तारखेला घ्यावे. पहिल्या महिन्यात मी ते ३० तारखेला घेतले, बिलाचे १२ तारखेला होते, आणि त्या अठरा दिवसांत कोण किती वीज जाळत होते हे मला कुणालाच पटवता आले नाही. आता दर महिन्याच्या १२ तारखेला मी मीटरचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकते. भाऊजी त्यावर काही लिहीत नाहीत, पण बिल आता फ्रिजवर नसते.