खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर की शासकीय कॉलेजात ईएनटीसी?

प्रश्न: माझं वय ५१, एका कंपनीत अकाउंट्समध्ये नोकरी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७.४ लाख. मुलगी बारावी झाली आहे, प्रवर्ग ओबीसी. सीईटीच्या पर्सेंटाइलवर शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) मिळेल असं दिसतं. तिथे वसतिगृह, मेस आणि किरकोळ शुल्कं धरून वर्षाला १,०५,००० खर्च येईल. तिला कॉम्प्युटर हवंय. ते एका स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठात नक्की मिळतंय, पण फी पहिल्या वर्षी ३,६०,००० आणि पुढे दरवर्षी ८ टक्के वाढ. हॉस्टेल-मेस वेगळे १,३०,०००. रविवारच्या आत ५०,००० भरून सीट बुक करा म्हणतात. एफडी ९ लाख, पीएफ १४ लाख, फ्लॅटच्या कर्जाची ७ वर्षं बाकी. शिक्षणकर्ज काढून विद्यापीठ घ्यावं का?

उत्तर: या आकड्यांवर माझं उत्तर ‘नको’ असं आहे. पण तुम्ही दोनच पर्याय मांडलेत आणि तुमच्या मुलीसाठी बहुधा सगळ्यात योग्य असलेला तिसरा पर्याय पत्रात आलेलाच नाही. त्याबद्दल पुढे लिहितो, आधी हिशेब.

विद्यापीठाची ट्यूशन फी चार वर्षांत ३,६०,०००, ३,८८,८००, ४,१९,९०० आणि ४,५३,५०० अशी चढत जाते. बेरीज १६.२२ लाख. हॉस्टेलचे ५.२ लाख मिळवले की २१.४२ लाख. शासकीय कॉलेजात चार वर्षांचे ४.२ लाख. इथपर्यंत तुम्हीही आला असाल. खरा फरक कर्जाच्या व्याजात आहे.

समजा फक्त ट्यूशन फीचं कर्ज घेतलं, व्याजदर १०.५ टक्के. शिक्षण चालू असताना आणि नंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याजाचं मीटर पहिल्या दिवसापासून चालू असतं. या काळात ते सरळव्याजाने लागतं. पहिल्या वर्षाच्या रकमेवर पाच वर्षांचं, दुसऱ्या वर्षाच्या रकमेवर चार वर्षांचं, असं करत एकूण ५.८ लाख होतं आणि ते मुद्दलात मिळवलं जातं. म्हणजे हप्ते सुरू होताना कर्ज १६.२२ लाख नसून २२ लाखांचं असतं. दहा वर्षांच्या मुदतीला हप्ता साधारण २९,७०० आणि एकूण परतफेड ३५.६ लाख. मुदत पंधरा वर्षं केली तर हप्ता २४,३०० वर येतो, पण परतफेड ४३.८ लाखांवर जाते.

शिक्षण चालू असतानाच दरमहा व्याज भरत गेलात तर नंतरचा हप्ता २१,९०० होतो. त्यासाठी पहिल्या वर्षी महिन्याला ३,१५० आणि चौथ्या वर्षी १४,२०० बाजूला काढावे लागतील. घराचा हप्ता चालू असताना चौथ्या वर्षाचा आकडा तुमच्या पगारात बसत नाही.

आता वयाचं गणित जोडून बघा. हप्ते सुरू होतील तेव्हा तुम्ही ५६ वर्षांचे असाल, निवृत्ती ५८ ला, कर्ज संपेल ६६ ला. सहकर्जदार म्हणून तुमची सही असते. मुलीची नोकरी सहा महिने लांबली की बँक तुमच्याकडेच येते. शिवाय ७.५ लाखांच्या वरच्या शिक्षणकर्जाला बहुतेक बँका तारण मागतात. फ्लॅट आधीच गहाण आहे, म्हणजे तारणाला उरते ती एफडी, आणि ती अडकली की दवाखान्याच्या खर्चाला घरात रोख काहीच राहत नाही.

कर्जावर करसवलत मिळते असं तुम्हाला कुणी सांगेल. शिक्षणकर्जाच्या व्याजाची वजावट (पूर्वीचं कलम ८०ई) फक्त जुन्या करपद्धतीत आहे, आणि तुमच्या उत्पन्नावर नव्या पद्धतीत मुळात करच लागत नाही. त्यामुळे ही सवलत तुमच्या हिशेबात शून्य धरा. पीएम विद्यालक्ष्मी योजना मात्र जरूर तपासा: ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळासाठी, व्याजात ३ टक्के सूट मिळू शकते. पण ती ठरावीक संस्थांनाच लागू आहे. हे विद्यापीठ यादीत आहे का ते पोर्टलवर स्वतः पाहा, प्रवेश-समुपदेशकाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आता तिसरा पर्याय. महाराष्ट्रात पैशाच्या दृष्टीने खरी रेषा शासकीय आणि खासगी यांच्यामध्ये नाही. ती कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून, मिळालेला प्रवेश आणि कॅपबाहेरचा प्रवेश यांच्यामध्ये आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. ही माफी खासगी विनाअनुदानित कॉलेजांनाही लागू आहे, अट एवढीच की प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोटा, खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. म्हणजे ‘खासगी’ कॉलेजातलं कॉम्प्युटरसुद्धा तुमच्या मुलीला ट्यूशन फी न भरता मिळू शकतं. अशा कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यामुळे पुढेमागे सवलत हुकली तरी फी मनमानी वाढत नाही.

म्हणून माझा भर पर्याय-अर्जावर, म्हणजे कॅपमध्ये कॉलेज आणि शाखांचा पसंतीक्रम भरायच्या अर्जावर आहे. राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरून मागच्या वर्षीचे कटऑफ काढा. तिच्या पर्सेंटाइलला कॉम्प्युटर, आयटी आणि एआय-डेटा सायन्स कुठे बंद झालं ते ओबीसी आणि मुलींच्या जागांच्या रकान्यात बघा, फक्त खुल्या रकान्यात नाही. क्रम लावताना घाई नको: २०२५-२६ च्या प्रवेशांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काही मिळालं तर ती जागा आपोआप गोठत होती, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नव्हती. यंदाची माहितीपुस्तिका वाचून, खरोखर हवं तेच वर ठेवा. ‘सुरक्षित’ म्हणून ईएनटीसी सगळ्यात वर टाकलं तर तेच गळ्यात पडेल.

ईएनटीसीच मिळालं तरी मी शासकीय कॉलेजच घ्या म्हणेन. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या कॅम्पस मुलाखतींना ईएनटीसीची मुलंमुली सर्रास बसतात. अनेक ठिकाणी जास्तीचे १८ ते २० क्रेडिट घेऊन कॉम्प्युटर विषयात मायनर, म्हणजे पदवीसोबतचा जोडविषय, करता येतं. विद्यापीठाची पदवी पैशात परवडायची तर तिथून मिळणारा हातातला पगार दुसऱ्या पर्यायापेक्षा पहिल्या महिन्यापासून निदान २९,७०० ने जास्त हवा, तोही सलग दहा वर्षं. ते शक्य आहे का, हे जाहिरातीतल्या सर्वोच्च पॅकेजवरून कळत नाही. त्या शाखेत किती जण प्लेसमेंटला नोंदले, किती जणांना ऑफर मिळाली आणि मधला पगार, म्हणजे मीडियन, किती, हे लेखी मागा. एनआयआरएफसाठी (केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी) संस्थांनी दिलेल्या माहितीत मीडियन पगार असतो, तो त्याच्याशी ताडून बघा. लेखी द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

पीएफला हात लावू नका. आजचा ८.२५ टक्के दर टिकला असं धरलं तर आज काढलेले ६ लाख म्हणजे ५८ व्या वर्षी १०.४५ लाख कमी. कॅपचा खर्च एफडीतून भागतो: ४.२ लाख चार वर्षांच्या मुदतींत विभागून ठेवा, वर एका लॅपटॉपची रक्कम. उरलेले साधारण ४ लाख घरच्या अडीअडचणीला राहतील.

कागदपत्रं मात्र आत्ताच. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र नसेल तर ओबीसीचा दावा खुल्या गटात जातो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो. मुलीचं बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर महाडीबीटीवर (राज्याचं शिष्यवृत्ती पोर्टल) अर्ज मंजूर होऊनही पैसे अडकतात. अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. तुमचं उत्पन्न मर्यादेच्या जवळ आहे, पगारवाढीने ८ लाख ओलांडले तर काय, हे इतर मागास बहुजन कल्याण किंवा तंत्रशिक्षण कार्यालयात आधीच विचारून ठेवा.

रविवारचे ५०,००० भरू नका असं माझं मत आहे. मुलीच्या समाधानासाठी भरायचेच असतील तर आधी परताव्याचे नियम लेखी घ्या. यूजीसीच्या धोरणाप्रमाणे २०२४-२५ मध्ये ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १,००० रुपये कापून उरलेली परत मिळत होती. यंदाच्या तारखा यूजीसीच्या संकेतस्थळावर बघा. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला मात्र तिथे ठेवू नका, कॅपच्या कॉलेजात प्रवेश निश्चित करताना तेच लागतात.