'डिस्कस'नंतर 'अबाउट' का नको?

प्रश्न असा आला आहे: फोर्टमधल्या एका ऑफिसात मीटिंगच्या मिनिट्समध्ये 'वुई डिस्कस्ड अबाउट द बजेट' असं लिहिलं, साहेबांनी 'अबाउट' खोडलं. 'टॉक्ड अबाउट' चालतं, मग हे का नाही?

खोडलं ते योग्यच. 'डिस्कस' सकर्मक आहे, त्याला कर्म थेट लागतं: 'वुई डिस्कस्ड द बजेट'. 'टॉक' इथे अकर्मक आहे, म्हणून त्याला मध्ये 'अबाउट' घ्यावं लागतं. खात्री करायची तर कर्मणी प्रयोग करून पाहा. 'द बजेट वॉज डिस्कस्ड' हे वाक्य पुरं होतं. 'द बजेट वॉज टॉक्ड' मात्र लंगडं पडतं, शेवटी 'अबाउट' हवंच.

चूक येते ती आपल्या मराठीतून. 'आम्ही बजेटविषयी चर्चा केली' यात 'केली'चं कर्म 'चर्चा' आहे, म्हणूनच क्रियापद स्त्रीलिंगी झालं. बजेट बाहेर राहिलं, त्याला 'विषयी' जोडावं लागलं आणि तेच 'विषयी' इंग्रजीत 'अबाउट' होऊन उतरलं. 'तिच्याशी लग्न केलं'मधल्या 'शी'चं असंच 'मॅरीड विथ हर' होतं. हवं 'मॅरीड हर'. 'दादरला पोचलो'चा 'ला' 'रीच्ड टु दादर'मध्ये घुसतो. हवं 'रीच्ड दादर'. 'अराइव्ह' मात्र अकर्मक, म्हणून 'अराइव्ड ॲट दादर स्टेशन', पण 'अराइव्ड इन मुंबई'. 'खोलीत शिरलो'साठी 'एंटर्ड द रूम' पुरे; 'एंटर इन्टू' करारासाठी ठेवा.

खरा घोळ नामांमुळे होतो आणि तिथे भलेभले फसतात. 'अ डिस्कशन अबाउट द बजेट' अगदी बरोबर, कारण नामाला क्रियापदासारखं थेट कर्म घेता येत नाही. तसंच 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह', पण 'आय रिक्वेस्टेड लीव्ह'; 'ॲन एम्फसिस ऑन सेफ्टी', पण 'ही एम्फसाइज्ड सेफ्टी'. तेव्हा शब्दयोगी अव्यय लिहिण्याआधी समोरचा शब्द नाम आहे की क्रियापद, एवढं बघा. शब्दकोशात सकर्मक-अकर्मक अशी खूण असतेच. अर्थ बघताना तीही बघायची सवय लावा.

उलटी चूकही होते. 'मला समजावून सांगा'चं 'एक्सप्लेन मी' करतात. 'एक्सप्लेन'चं कर्म म्हणजे जे समजावायचं ते. ऐकणाऱ्यासाठी 'टु' लागतोच: 'एक्सप्लेन द रूल टु मी'.